मागे न बघता

मार्गळी महिन्यात गल्लीतल्या बायकांचं कोलम दारापुरतं राहत नाही. उजाडता उजाडता तांदळाच्या पिठाच्या रेघा थेट रस्त्याच्या मधोमध येतात. त्या दिवशीही शेजारच्या पार्वतम्माळ गल्लीच्या आतल्या टोकाकडे पाठ करून, कमरेत वाकून ठिपके जोडत होत्या. गल्ली पुढे बंद, गाडी वळवायला जागा नाही. अय्यादुरैची दुधाची गाडी रोजच्यासारखी उलटी बाहेर येत होती.

कोदै आठ महिन्यांच्या लेकाला खांद्यावर थोपटत गॅलरीत उभी होती. अय्यादुरैचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताने फोन कानाला, नजर समोर. आरशाकडे ती एकदाही गेली नाही. कोदै ओरडेपर्यंत मागचं चाक म्हातारीच्या घोट्यावरून गेलं होतं.

पोलिसांनी चौकशी करून त्याला सोडलं. दुपारी तो जिन्यात तिची वाट बघत थांबला होता.

“अक्का, बाळ आता नीट झोपतं ना?”

कोदैने लेकाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“गाडी मागे घेताना पीं-पीं वाजायचं, बाळ दचकायचं. तुम्ही म्हणालात म्हणून वायर काढली. पोलिसांना हे मी सांगितलं नाही. एका गल्लीतली माणसं आपण. सकाळी गाडी निघाली तेव्हा तुम्हीही झोपलाच होतात, असं धरून चालतो मी.”

“अण्णा, तुम्ही फोनवर होतात.”

“डेपोवाल्यांचा फोन, नाही कसा घ्यायचा? वीस वर्षं याच गल्लीतून गाडी मागे घेतोय. पाठीला डोळे आहेत माझ्या.”

“आज मिटले होते का?”

“शिकलेल्या बाईची जीभ,” असं पुटपुटत तो जिना उतरला.

“काही दिसलं नाही म्हण,” रात्री नवरा म्हणाला. “आपल्याला इथेच राहायचंय.”

कोदैला तेच करावंसं वाटत होतं, म्हणूनच तिला स्वतःची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी लेकाला कडेवर घेऊन ती चौकीत गेली आणि दोन्ही गोष्टी सांगून आली. हवालदाराने फोनचं लिहिलं, वायरचंही लिहिलं, आणि वायरच्या ओळीखाली जाडसर रेघ ओढली.

तिथून ती इस्पितळात गेली. बातमी तिच्या आधीच पोचली होती. पार्वतम्माळांच्या पायात सळया होत्या.

“तो आवाज आला की मी पीठ टाकून बाजूला व्हायचे,” त्या म्हणाल्या. “चार दिवस आला नाही. मला वाटलं, गाडीच येत नाही.”

“माझं चुकलंच, पाट्टी. पण मी आवाज बंद करा म्हटलं होतं, डोळे नाही. त्यांनी मागे बघायला नको होतं?”

“तो कधी बघतो? म्हणून तर आवाज होता. तो ड्रायव्हर माणूस. अक्कल तुला होती.”

त्यांची सून थर्मासचं झाकण घट्ट करत होती. तिने मान वर केली नाही.

“अय्यादुरै अण्णा सकाळी येऊन गेले. पाया पडले, रडले बिचारे. त्यांच्यावर केस नको, असं आम्ही लिहून देणार आहोत.” मग ती बाटल्या आवरू लागली. “तुमचं काय करायचं ते अजून ठरलं नाही.”