अंड्याच्या शेवया

मुंबईला फोर्टातल्या एका इटालियन हॉटेलात गुरुदासने नऊ वर्षं पीठ मळलं. मालकाच्या गावची रीत अशी, की मैद्यात पाण्याचा थेंब घालायचा नाही, नुसती अंडी. सावंतवाडीला मोटारस्टँडजवळ खानावळ काढली तीही त्याने त्याच रीतीवर. लांब लाटण्याने पोळी लाटायची, सुरीने शेवया कापायच्या, बांबूवर वाळत टाकायच्या. कोलंबीच्या रश्श्यात त्या खायला गोव्याच्या वाटेवरचे मोटारवाले थांबत.

सोमवारी तो बाजारात गेला असता त्याची आई आली आणि खिरीला म्हणून त्यातल्या मूठभर घेऊन गेली. पिवळ्या दिसल्या, हळदीच्या वाटल्या. त्याची बायको विमला झोळीपाशी होती. सोमवार आहे, सासूबाईंच्या घरी देवाला नैवेद्य असतो, सगळं तिच्या लक्षात आलं. पण तीन दिवसांच्या तापातून पोर आत्ता कुठे निजली होती. बोललं तर आरडाओरडा. ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी कुणा मोटारवाल्याने थोरल्या दिराला, भिकाजीला, अंड्यांचं सांगितलं. भरदुपारी तो आत शिरला तो पहिल्या ठोशालाच गुरुदासचा ओठ फाटला. दुसऱ्याने तो बांबूवर कोसळला, शेवया जमिनीवर चुरल्या.

"देवाच्या निवेदात अंडी घातलंस?"

"माका ठावक नाय, दादा."

भिकाजीने त्याचा उजवा पंजा पीठ लाटायच्या पाटावर दाबला. "ह्यो मां तुझो मुंबैचो हात?" लाटणं खाली आलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

विमला पुढे झाली. "भावोजी, यांना खरंच ठाऊक नव्हतं. आई घेऊन गेल्या तेव्हा मी इथे होते. मी बोलले नाही." तिने आपला हात पाटावर, पिठात ठेवला. "हा घ्या."

भिकाजीने लाटणं उगारलं. तिच्या हाताकडे पाहिलं. धाकट्याच्या बायकोला थोरला दीर बोटही लावत नाही.

"आणि तू म्हणे कॉलेजात शिकलंस," तो म्हणाला. "बायलेचो दोष घोवाच्या हातार."

आणि त्याच मोडक्या बोटांवर त्याने पुन्हा हाणलं.

चुलीवर शेवयांसाठी टोपभर पाणी उकळत होतं. विमलाने पदराने टोप धरला आणि दिराच्या पायांवर ओतला. तो गुरासारखा ओरडत बसकला, हाताने रांगत दाराकडे सरकला.

झोळीत पोर दचकून उठली, रडू लागली. विमलाने टोप खाली ठेवला नाही. भिकाजी उंबऱ्याबाहेर जाईपर्यंत तिने पोरीला रडू दिलं.