यमाची चौकट

सुधींद्र सरांनी कात्री टेबलावर आपटली.

"हे चित्र काढायला कोण सांगितलं तुम्हाला?"

बंगालहून आलेली, चित्रांचे लांब पट रंगवून ते गात दाखवणारी नूरबानू नव्या पटाच्या शेवटच्या चौकटीवर फुंकर घालत होती. मळमड्डीतल्या या सभागृहात पंधरा दिवस बसून तिने आयर्लंडचा दुष्काळ रंगवला होता. कुजलेले बटाटे, उपाशी माणसं, आणि त्याच देशाच्या बंदरातून धान्य भरून निघालेली जहाजं. गोष्ट सरांनी सांगितली होती, मोडक्यातोडक्या हिंदीत. तिने त्यावर बंगालीत गाणं रचलं होतं. सगळं सरांच्या मनासारखं झालं होतं. शेवटी मात्र तिने रेड्यावर बसलेला यम काढला आणि धान्य बाहेर पाठवणाऱ्या गोऱ्या साहेबाला उकळत्या कढईत बसवलं.

"यम आल्याशिवाय आम्ही पट गुंडाळत नाही," ती म्हणाली. "पापी सुटला तर लोकांनी घरी कसं जायचं?"

"हा इतिहास आहे, बाई! त्या माणसाला किताब मिळाला. म्हातारा होऊन अंथरुणात मेला."

"मग तुमचा इतिहास अर्धा आहे."

तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाच्या तोंडावर हे! सरांचं डोकं फिरलं. पाच वाजता विद्यापीठातली मंडळी येणार, आणि आपल्या नावावर हा कढईतला तमाशा! त्यांनी शेवटची चौकट कापून काढली. नूरबानूने त्यांचा हात धरला नाही.

पाचला तिने पट उलगडला. एकेका चित्रावर बोट ठेवत ती गात होती, सर मराठीत अर्थ सांगत होते. साहेबाला किताब मिळाला, तिथे ती थांबली. पट तसाच लोंबत राहिला.

"गुंडाळा की आता," सर पुटपुटले.

ती जागची हलली नाही.

चहा घेऊन आलेली हिराबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला राहवेना.

"सर, मग त्या सायबाचं फुडं काय झालं?"

"काही नाही."

"काहीच न्हाई? एवढी माणसं मारून?"

ट्रे तिने खुर्चीवर आदळला, चहा सांडला. तरातरा पुढे येऊन ती पटाची कापलेली कड निरखू लागली. रेड्याची शिंगं वरच्या चौकटीत घुसली होती, तेवढीच उरली होती.

"ह्यो रेडा न्हवं?" ती सगळ्यांकडे वळली. "यम आलता की हितं! त्याला कोण हाकलून घातलं?"