चाचणीचा वाफा

पाटीवर क्लिनिक लिहिलं म्हणून दुकानाचा दवाखाना होत नाही. आदर्श नगरमधल्या त्या लेझरनं केस काढायच्या दुकानात मशीनवरच्या मुलीनं मला विचारलं, "मैडम, पिछले महीने धूप में तो नहीं रहीं?" मी नाही म्हटलं. दुर्गापुऱ्याच्या संशोधन केंद्रात मी भुईमुगाच्या चाचण्या बघते. ऐन सप्टेंबरात सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत वाफ्यांमधून फिरते. माझ्या तोंडाचा रंग आणि मानेखालचा रंग दोन वेगळ्या बायकांचे वाटावेत इतकी रापले आहे. मुलीला ते दिसत होतं. मग तिनं विचारलं, केस मुळापासून उपटले तर नाहीत ना? मी त्यालाही नाही म्हटलं. शेवटी ती म्हणाली, आज कानाखाली एवढ्याशा जागेवर करून बघू, दोन दिवसांनी पुढचं. मी म्हटलं, वेळ नाही, सगळं आजच कर. ती विशी-बाविशीची पोर, समोर पीएच.डी. झालेली मॅडम. तिनं फॉर्मवर माझी सही घेतली आणि मशीन चालू केलं.

शेतात मी कुठलंही नवं औषध कोपऱ्यातल्या एका वाफ्यात मारून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. शेतकऱ्यांना वीस वर्षं हेच सांगते आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पण त्या दिवशी माझा हिशेब निराळा होता. चाचणीचा वाफा मीच होते. खरं शेत म्हणजे शमिका.

शमिका माझी मुलगी, दहावीत आहे. वर्षभरात तिच्या ओठावर आणि हनुवटीवर केस दिसायला लागले, आणि वर्गातली पोरं तिला 'शमिका भैया' म्हणायला लागली. आधी दोघंतिघं म्हणत, मग सगळेच. एक दिवस हजेरीच्या वेळी मागून कुणीतरी म्हणालं आणि बाईंनासुद्धा हसू आलं. त्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. सहामाही परीक्षा दोन आठवड्यांवर, आणि ही पलंगावर भिंतीकडे तोंड करून. मी समजावलं, रागावले, तिच्या आवडीचं थालीपीठ केलं. तिचं एकच वाक्य, "लेझर करून दे, मग जाते." दहावीचं वर्ष असं घालवून बसली असती तर मी काय करणार होते, मला खरंच माहीत नव्हतं.

ह्या विषयात घरात माझ्याइतकं अनुभवी कुणी नव्हतं, फक्त ते कुणाला माहीत नव्हतं. राहुरीला असताना, मी शमिकाएवढीच होते तेव्हा, माझ्या आईनं माझ्या हातात चिमटा ठेवला आणि म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ मी एकतीस वर्षं उघडली नाही. रोज पहाटे पाचला उठायचं, बाथरूमची कडी लावायची, ट्यूबलाइटखाली हनुवटी वर करायची आणि एकेक केस उपटायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उपटले. बाळंतपणात टाके ओढत होते तरी उपटले. सासरे गेले त्या दिवशीही, बाहेर माणसं जमत होती आणि मी आत चिमटा घेऊन उभी. माझा नवरा देवेंद्र रेल्वेत आहे, सध्या जोधपूरला असतो आणि महिन्यातून एकदा येतो. त्याला वाटतं मी पहाटे योगासनं करते. लोकांनाही तो कौतुकानं तसंच सांगतो.

शमिकानं मला विचारलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी गवार मोडत बसले होते तेव्हा, "आई, तुला कधी आले होते का असे?" मी नाही म्हणाले. विचार करून नाही म्हणाले असंही नाही, सवयीनं म्हणाले. वर आणखी जोडलं, "तुझ्या आत्यावर गेली असशील." नणंदेच्या नावावर काहीही खपतं. शमिका एक शेंग मोडून माझ्या ताटलीत टाकून निघून गेली.

लेझर झालं त्या संध्याकाळी हनुवटी लाल झाली आणि सुजली. एवढं होतं असं दुकानातल्या मुलीनं सांगितलंच होतं, दोन दिवसांत उतरेल म्हणाली. पण सकाळी जबड्याच्या दोन्ही बाजूंना पाणी भरलेले फोड होते, रांगेनं, मशीनचं तोंड टेकलं तिथे तिथे. मी त्यावर दुधाची साय आणि हळद लावली, म्हणजे उरलीसुरली अक्कलही सोडली. दुपारी आग सहन होईना तेव्हा डॉक्टर रुचिताकडे गेले. ती आमच्या इथल्या मराठी मंडळातली, त्वचेची डॉक्टर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिनं आधी हळद धुतली आणि मग मला धुतलं.

"ताई, रापलेल्या कातडीवर लेझर? त्या मशीनला काळा रंग दिसतो, केसाचा की कातडीचा ते कळत नाही. आणि उपटत होतात ना? मग मुळंच नाहीत, जाळायचं काय होतं? जाळली ती नुसती कातडी."

म्हणजे चाचणी दोन्हीकडून वाया. जे झालं त्यावरून शमिकाबद्दल काहीच सांगता येत नव्हतं, आणि माझा एक केससुद्धा कमी होणार नव्हता. पांढरे झाले होते ते तर लेझरला तसेही दाद देत नाहीत. रुचितानं मलम दिलं. फोड फोडायचे नाहीत, खपल्या काढायच्या नाहीत, उन्हात जायचं नाही. डाग राहतील, काळे, पाच-सहा महिने. मास्क नाही, दुपट्टा गुंडाळायचा नाही, घासलं तर चिघळेल. निघताना ती म्हणाली, "आणि चिमट्याला हात लावायचा नाही. ब्लेडलाही नाही. तीन आठवडे." मग म्हणाली, "शमिकाला घेऊन या. आधी रक्त तपासू, हार्मोन्स बघू. लेझर नंतरचं नंतर."

मी रजा टाकली. घरात ॲलर्जी म्हणून सांगितलं. देवेंद्रचा व्हिडिओ कॉल आला की फोन पंख्याकडे धरायचे. त्यानं दोनदा विचारलं, पंखा का दाखवतेस? तिसऱ्यांदा त्यानंही विचारायचं सोडलं. पाच वाजता जाग यायचीच. बाथरूममध्ये जाऊन कडी लावायचे आणि आरशासमोर रिकाम्या हातांनी उभी राहायचे. खपल्यांच्या मधून केस वर येताना दिसत, काळे आणि पांढरे. इतके आहेत हे मलाही माहीत नव्हतं, कारण मी त्यांना कधी इतकं वाढूच दिलं नव्हतं. मला माझ्याच तोंडाचा कंटाळा आला होता. रडूही येत नव्हतं, नुसतं बसावंसं वाटायचं.

आठव्या दिवशी, रविवारी, सकाळी वीज गेली. उकाड्यानं मी बाल्कनीत सावलीला जाऊन बसले. शमिका पाणी घेऊन आली आणि ग्लास हातात तसाच धरून उभी राहिली. उजेड माझ्या हनुवटीवर होता.

"आई, हे काय आहे?"

"भाजलंय. लेझरनं. तुझ्याआधी मी करून बघितलं."

"भाजलेलं दिसतंय मला. बाकीचं विचारते आहे."

मी हात वर नेला आणि खपली दुखेल म्हणून मधेच थांबवला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तुझ्याएवढी होते तेव्हापासून."

"मतलब, रोज? ते योगा?"

"योगा नाहीच. कधीच नव्हता."

मला वाटलं ती हसेल. तिनं ग्लास कठड्यावर ठेवला. "मी विचारलं होतं तुला. तू आत्याचं नाव घेतलंस. मी आत्याला फोन केला होता, माहितीये? ती म्हणाली, आमच्या घरात असं कुणालाच नाही. मग मला वाटलं, मतलब, मीच काहीतरी गडबड आहे. मी रात्री गूगल करायचे, मुलीचा मुलगा होतो का. तू पलीकडच्या खोलीत होतीस, आई."

मी तिला जपायला म्हणून माझं तोंड भाजून घेतलं होतं, आणि जिथे नुसतं एक हो म्हणायचं होतं तिथे नाही म्हणाले होते. मला लाज वाटली. ती केसांची लाज नव्हती, ती वेगळी ओळखू येते. मी तिला तसं सांगितलं. "चुकले मी," म्हणाले. ती आत निघून गेली.

संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दारात आली. "उद्या पहिला पेपर आहे. मी जाते. पण तू चल सोडायला. गेटपर्यंत, चालत. असंच."

"डाग आहेत गं अजून."

"डागांचं नाही म्हणत. असंच."

सकाळी मी छत्री घेतली. ऊन लागू नये म्हणून घेतली, तरी वीस पावलांत लक्षात आलं की मी ती खाली खाली ओढते आहे. शमिकानं बघितलं. मी छत्री वर केली. शाळा घरापासून दहा मिनिटांवर आहे. एवढं लांब मी आयुष्यात चालले नव्हते. परत फिरावं असं प्रत्येक कोपऱ्यावर वाटत होतं.

गेटवर आयांची गर्दी होती. शमिकाच्या वर्गातल्या नीरजची आई पुढे आली. हा नीरज म्हणजे भैया म्हणणाऱ्यांमधला पहिला. बाई मनानं वाईट नाहीत. त्यांनी माझ्या हनुवटीकडे बघितलं, नजर काढली, परत बघितलं. "अरे मैडम, ये क्या हो गया आपको?"

ॲलर्जी हा शब्द जिभेवर तयार होता. शमिका दोन पावलं पुढे होती, पाठमोरी, आणि तिचं चालणं थांबलं होतं.

"दाढ़ी है," मी म्हणाले. "बचपन से है. लेज़र करवाया तो जल गई." मग मला वाटलं एवढ्यावर थांबू नये. "शमिका को मुझसे ही आई है."

बाजूच्या दोघीतिघी वळून बघायला लागल्या. नीरज आईच्या मागे उभा राहून बुटाच्या नाडीकडे बघत होता. शमिकानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिचे दोन्ही हात परीक्षेच्या पॅडवर होते, तोंडावर नव्हते. मग ती आत गेली.

घरी येऊन मलम लावलं आणि देवेंद्रला व्हिडिओ कॉल केला. ह्या वेळी फोन पंख्याकडे धरला नाही. त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "दुखतंय का?" मी म्हटलं, दुखतंय. बाकीचं शनिवारी आलास की सांगते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला डोळे उघडले. बाथरूमच्या दाराकडे बघितलं आणि कूस बदलली. नंतरचं मला काही आठवत नाही. कुणीतरी माझा खांदा हलवत होतं. शमिका होती, आंघोळ केलेली, गणवेशात, वेणी माझ्याकडून घालून घ्यायची म्हणून हातात रिबीन.

"आई, ऊठ ना. साडेसहा वाजले. माझा पेपर आहे."