वक्त्याच्या पिशवीतली शाल

मी एक जुनी शाल आहे, मित्रांनो. पण जुनी म्हणजे विरलेली, असं समजू नका. विरायला आधी कोणीतरी वापरावं लागतं.

लुधियानाच्या एका कारखान्यात माझ्यासारख्या हजारभर शाली एका दिवसात विणल्या गेल्या. रंग किरमिजी, काठ सोनेरी. तिथून मी वरोऱ्याच्या कापड दुकानात आले आणि थंडीची वाट पाहू लागले. थंडीऐवजी आले गुणवंतराव. एका शिकवणी वर्गाने या व्याख्यात्यांच्या सत्कारासाठी मला विकत घेतलं. टाळ्या वाजल्या, मी त्यांच्या खांद्यावर पडले आणि फोटो निघताच खाली उतरले. माझं सगळं कौतुक एवढंच, आणि तेही भर मे महिन्यात!

यशस्वी कसं व्हावं हे सांगत गुणवंतराव गावोगाव फिरायचे. व्याख्यान त्यांच्याकडे एकच होतं. मिळालेल्या शाली ते दिवाळीत नातेवाइकांत वाटून मोकळे व्हायचे. मी कपाटाच्या तळाशी होते, म्हणून उरले.

मग मंदी आली. सोयाबीनला भाव मिळेना, खाणीतली कंत्राटी माणसं घरी बसली आणि कारखान्यांनी सगळ्यात आधी व्याख्यानं बंद केली. त्यामुळे कोणाचं काही अडल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

अडलं ते गुणवंतरावांचं. त्यांनी धंदा मंदीशी जुळवून घेतला. दोन तासांचं व्याख्यान पाऊण तासावर आणलं. 'शिखर गाठा' हे नाव खोडून 'मंदीतही हात मोकळा ठेवा' असं केलं. आतलं एक अक्षरही हललं नाही. मोबाईलवरून व्याख्यानं दिली, तेव्हा भिंतीची ओल झाकायला मला मागे खिळ्यावर टांगलं. सगळ्यात मोठी युक्ती त्यांच्या नव्या पत्रकात होती: 'सत्काराचे साहित्य वक्ता स्वतः आणेल.'

हो मित्रांनो, मी आणि एक नारळ त्यांच्याच पिशवीतून जायचो. ते आम्हाला हळूच आयोजकांच्या हातात द्यायचे, आयोजक सन्मानाने परत त्यांनाच द्यायचे आणि हे महाशय संकोचल्यासारखं हसायचे! तो नारळ आतून कधीच वाळला होता, हलवला की खुळखुळायचा. वक्त्यालाही एकदा तसंच हलवून पाहायला हवं होतं.

पौषातल्या एका सकाळी चामोर्शीला बचत गटाच्या बायकांपुढे कार्यक्रम होता. आठवडी बाजाराचा दिवस, उघडी शेड आणि झोंबरा गारठा. गुणवंतरावांनी मला गटाच्या सचिव रिनाताईंकडे दिलं. "हे सत्कारासाठी," एवढंच बोलले. 'माझ्या' म्हणायला जीभ रेटेना. बिचाऱ्या रिनाताईंना ही रीत ठाऊक नव्हती. त्यांनी माईकवर सांगून टाकलं, "भाऊनं आपल्या अध्यक्षबाईसाठी शाल आणली!" आणि मला सोमारीबाईंच्या खांद्यावर घातलं.

सोमारीबाई पातळ लुगड्यात पहाटेच पायी निघून आल्या होत्या. त्यांनी फोटो काढणाऱ्याकडे पाहिलंही नाही. मला गळ्याभोवती गच्च ओढून घेतलं. धान कापून चिरलेल्या बोटांत अडकून माझा एक धागा निघाला. मित्रांनो, मला किती बरं वाटलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कोणाची तरी थंडी घालवत होते. आता त्या पिशवीत परत जायचं नाही, एवढंच मला हवं होतं.

गुणवंतराव पाऊण तास हात मोकळा ठेवण्यावर बोलले. नजर मात्र माझ्यावरून हलेना. सोमवारी भद्रावतीच्या एका वसाहतीत त्यांचा मोठा कार्यक्रम होता, आणि त्यांच्याकडे शाल उरली होती ती मी एकटीच.

व्याख्यान संपलं, तशी मंचावरची शुद्ध भाषा मंचावरच राहिली. "रिनाताई, ते शाल वापस पायजे होती. सोमवारी माह्या सत्काराले लागते."

"तुमच्या सत्काराले तुमचीच शाल?" रिनाताईंना काही कळेना. "मंग बाईले काऊन देल्ली?"

"देल्ली नाई न. चुकून गेली."

चाळीस पावलांवर बाजारात शाली टांगलेल्या होत्या, पण हा गृहस्थ माझ्याकडे हात पसरून उभा. मला शरम वाटली. सोमारीबाई उठल्या. त्यांनी मला काढलं, झटकलं, गुणवंतरावांच्या खांद्यावर घातलं आणि लेकराला गुंडाळतात तसं पुढून घट्ट आवळलं.

"घ्या भाऊ. माह्या घरी शेकोटी तरी आहे. तुमालेच जास्त थंडी वाजून राह्यली."

कोणी टाळी वाजवली नाही. गुणवंतराव तसेच गुंडाळलेले पिशवी उचलून निघाले. त्यांचा खरा सत्कार मी पाहिला तो तेवढा एकच.

सोमवारी भद्रावतीला मी ठरल्याप्रमाणे त्यांच्या अंगावर पडले. अजूनही पडते. फोटोआधी ते माझा निघालेला धागा आत खोचतात. माझ्या अंगावर माझं म्हणावं असं तेवढंच आहे. मित्रांनो, कोणाला शाल द्यायची झाली, तर आधी त्याचा हात हातात घेऊन पाहा. गार असेल तर खुशाल द्या. ऊबदार असेल, तर मला दुकानातच राहू द्या. थंडी वाजणारं गिऱ्हाईक तिथे कधीतरी येतं.