कोंबडी कुणाच्या पितरांना

“माझ्या लेकाला सुई कशाला टोचता?” सायफिनची सासू बुआलोय दवाखान्यात हुज्जत घालत होती. “आपल्या गावात घरचे पितर आईकडून लेकीकडे जातात. खोट सायफिनच्या घरची आहे.”

सायफिनचं डोकं भणाणलं. तिच्या लेकीला, फिमजायला, थॅलेसेमिया होता. रक्त चढवलं की पोर चार दिवस खेळायची, मग पुन्हा पांढरीफटक. आणि ती पांढरी पडली की बुआलोयचा निरोप ठरलेला: तुझ्या आईच्या पितरांना कोंबडी द्या. पितर बाईच्या वंशाचे, म्हणून दोषही बाईचाच! सायफिनच्या बिचाऱ्या आईनं खुराडं रिकामं केलं आणि वर गावात मान खाली घालून फिरली.

आता सायफिनला पुन्हा दिवस गेले होते. या बाळाची तपासणी पोटातच करता येणार होती, पण त्याआधी आईबाप दोघांचंही रक्त हवं होतं.

डॉक्टरीणबाई सरळच म्हणाल्या, “आजी, दोष एकाच बाजूचा असता तर फिमजाय एवढी आजारी पडलीच नसती. निम्मा आईकडून आलाय, निम्मा बापाकडून.”

नवरा, खामरोन, बाही मनगटापर्यंत ओढून बसला. बुआलोय म्हणाली, “बरं, असू दे. घरी गेल्यावर तुझ्या आईला सांग, पोटातल्यासाठी एक कोंबडी...”

“कोंबडी कापायचीच असेल तर या खेपेला तुमच्या पितरांपुढे कापा, आई,” सायफिन कडाडली. “पण आधी तुमच्या लेकाला बाही वर करायला सांगा.”