वेळ्ळिपारैची गिरणी

संयुक्ताचा फोन आला तेव्हा कामाक्षी इडलीचं पीठ वाटत होती.

"अम्मा, आधी तो ग्राइंडर बंद कर. काही ऐकू येत नाही."

कामाक्षीनं बटण दाबलं. संयुक्ता तिची एकुलती एक लेक, शिकलेली इंजिनियर. जव्वादूच्या डोंगरात वेळ्ळिपारै नावाची वस्ती आहे, तिथं विजेची लाईन कधी पोचलीच नाही. सरकारच्या मदतीनं तिथं वस्तीपुरतं छोटं सौर वीजकेंद्र उभं राहिलं आणि ते सांभाळायला संयुक्ता तीन वर्षांपूर्वी जी गेली ती सणावारालाच चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या घराचं तोंड बघायची. आता त्या केंद्राच्या बॅटऱ्या थकल्या होत्या. मदत पुढं चालू ठेवायची की नाही हे ठरवायला ऊर्जा खात्यानं वस्तीच्या लोकांना चेन्नईला बोलावलं होतं.

"मी येणार होते गं, पण काल वीज पडली आणि इन्व्हर्टर गेला. तो सुरू केल्याशिवाय मला हलता येत नाही. वेल्लियम्मा आणि तिची सून पोन्नी निघाल्यात. त्यांना आपल्याकडं उतरव आणि उद्या कचेरीत घेऊन जा. एवढं कर ना, अम्मा."

कामाक्षी हो म्हणाली, पण मनातून खट्टू झाली. नवरा एकोजी वारल्यापासून ती एकटी होती. वर्षभर लेकीच्या मागं लागून तिनं मे महिन्यात कायमचं परत यायचं कबूल करून घेतलं होतं. आणि आता त्याच डोंगरासाठी आपण कचेऱ्या चढायच्या!

संध्याकाळी दोघी आल्या. वेल्लियम्मा साठीची, काटक, मोठ्या आवाजाची. पोन्नी पंचविशीची, बारावी झालेली, घरात आल्या आल्या मीटरची पेटी निरखणारी. दोघींचं तमिळ डोंगरातलं, पण कामाक्षीनं सारी हयात तमिळ शाळेत शिकवण्यात घालवलेली, तिला काही अडलं नाही. जेवताना गप्पा रंगल्या आणि मध्येच गल्लीतले दिवे गेले.

"इथं पण जाते का?" वेल्लियम्माला हसू आवरेना.

"उन्हाळा आला की जाते. वाट बघायची, दुसरं काय!" कामाक्षी मेणबत्ती शोधत म्हणाली.

मेणबत्तीच्या उजेडात वेल्लियम्मानं गिरणीची गोष्ट सांगितली. पूर्वी नाचणी दळून आणायची तर बायका गोणी डोक्यावर घेऊन डोंगर उतरायच्या, संध्याकाळी चढायच्या. तिची थोरली जाऊ अशीच एकदा घसरली, ती पुढं कधी नीट चालली नाही. केंद्र झालं तशी वस्तीतच गिरणी आली. "आता मी दळण टाकते आणि दारात बसून पान खाते," वेल्लियम्मा म्हणाली. "सासूनं बघितलं असतं तर मारलं असतं मला."

दुसऱ्या दिवशी कचेरीत मात्र तिचं तोंडच उघडेना. गार खोली, लांबलचक टेबल, समोर माईक. चंद्रमौळी नावाचे अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "दोन वर्षांत मोठी लाईन तुमच्याकडं पोचेल. मग आता नव्या बॅटऱ्या कशाला?"

वेल्लियम्मा पदर चाळवत राहिली. पोन्नीनं मान खाली घातली.

कामाक्षी मागच्या खुर्चीत होती. तिला बोलायचा अधिकार नव्हता. पण वर्गात अशी गप्प झालेली मुलं तिनं खूप बघितली होती. ती उठली, वेल्लियम्माच्या शेजारी जाऊन बसली आणि माईक बाजूला सारला.

"काल मला जावेची गोष्ट सांगितलीत ना? तीच सांगा. मलाच सांगा."

वेल्लियम्मानं तिच्याकडं बघत सुरुवात केली. हळूहळू आवाज मोठा झाला, हात हलू लागले. शेवटी ती सरळ साहेबांकडं वळली. "मोठी लाईन येऊ दे की. आम्ही तिला नको म्हणतो का? पण ती येईपर्यंत बायांनी पुन्हा गोण्या वाहायच्या?"

चंद्रमौळींनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाले, "पटतं मला. पण केंद्र सांभाळणारं माणूस हवं. तुमच्या इंजिनियर मे महिन्यात सोडून चालल्यात, तसं त्यांनी कळवलंय. माणूस नसेल तर मदत देता येत नाही. चहा घेऊन या, मग ठरवू."

पोन्नी आणि वेल्लियम्मा दोघी कामाक्षीकडं बघू लागल्या. त्यांना ते ठाऊक नव्हतं. कामाक्षीला त्यांच्या नजरेला नजर देववेना. ती जिन्यात गेली आणि तिनं लेकीला फोन लावला.

"तुला तिथं राहायचंय का?"

"अम्मा, मी तुला शब्द दिलाय."

"ते विचारलं नाही मी."

"राहायचंय," संयुक्ता म्हणाली. "पोन्नी हुशार आहे. ती तयार होईपर्यंत तरी. पण तू एकटी..."

"माझं मी बघते. इन्व्हर्टर झाला का?"

"होईल आज."

फोन ठेवल्यावर कामाक्षी जिन्यातच उभी राहिली. डोळे भरून आले होते, पण छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटत होतं. वर्षभर ती लेकीच्या तोंडून हो वदवून घेत होती. तिला काय हवंय हे आज पहिल्यांदा विचारलं होतं.

संयुक्ता राहतेय असं तिनं आत जाऊन सांगितलं. चंद्रमौळींनी दोन वर्षांची मदत मंजूर करायची शिफारस केली, अट एकच: तेवढ्या काळात वस्तीतलंच कुणीतरी काम शिकून तयार व्हायचं. गिंडीच्या सरकारी संस्थेत तीन महिन्यांचं प्रशिक्षण होतं. पोन्नीनं कुणी विचारायच्या आधीच हात वर केला.

"राहशील कुठं?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याकडं," कामाक्षी म्हणाली. "गिंडीची बस आमच्या कोपऱ्यावरून सुटते."

संध्याकाळी दोघींना बसमध्ये बसवल्यावर वेल्लियम्मानं खिडकीतून कामाक्षीचा हात धरला. "मे महिन्यात तुम्हीच या. लेक खाली येत नाही तर आईनं वर यावं."

"मला चढवेल का तो डोंगर?"

"गोणी नाही ना डोक्यावर? मग चढवेल!" वेल्लियम्मा एवढ्या मोठ्यानं म्हणाली की कंडक्टरही हसला, आणि बस हलली.