डाव्या हाताचा कागद

तो हात रोज सकाळी बबिताच पुसायची. बिरदेव कोपराखालची पट्टी सोडून तो तिच्या मांडीवर ठेवी आणि आपण दुसरीकडे बघत बसे. आतल्या पोकळीत रात्रंदिवसाचा घाम साचलेला असे. त्याला नासलेल्या ताकासारखा आंबूस वास येई. ओल्या फडक्याने ती तो वास काढायची, आणि दुसऱ्या सकाळी तो पुन्हा तिथेच तिची वाट पाहत असायचा. वरची रबरी कातडी गोरी, कधी ऊन न पाहिलेली. नखं खोटी, पण नखांखालचा मळ खरा. एखाद्या परक्या माणसाने आपला हात नवऱ्याच्या बाहीत विसरावा, आणि तो आपण जन्मभर सांभाळावा, असं काहीसं तिला वाटत राही.

दोन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्राने बिरदेवाचा उजवा पंजा मनगटापासून नेला होता. तो सोडवायला गेलेल्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटंही गेली. मग एका संस्थेच्या शिबिरात हा मशीनचा हात मिळाला. वालूरच्या बाजारात लोक त्याला थांबवून हात मिळवत, त्या बोटांत सुपारी देऊन फोडायला लावत. आत कुठेतरी गुं-गुं होई, सुपारी फुटे, लोक हसत, आणि त्यांच्याहून मोठ्याने बिरदेव हसे. ते हसणं बबिताला त्या वासाहून आंबूस वाटायचं.

आज संस्थेचे भगवानराव कागद घेऊन आले होते. येलदरी धरणाच्या पाण्यालगत एका शेतात खतासाठी बिरदेवाच्या मेंढ्या बसवल्या होत्या. दुपारच्या उन्हात, बाभळीच्या विरळ सावलीत, त्यांनी कागद मांडीवर पसरला.

"वहिनी, डाव्यासारख्या अर्धवट हाताला मशीन नीट बसत नाही. मनगटापासून साफ केलं की काम सोपं. बाहेरगावचे एक डॉक्टर तयार आहेत. घरच्या माणसाची सही तेवढी पाहिजे."

"साफ म्हंजी?"

"म्हणजे उरलेली तीन बोटं काढायची."

"जित्ती?" बबिताने विचारलं.

तळहातावर तंबाखू मळत बसलेली सासू, भिवराबाई, खुदकन हसली. "समदंच अंग बदलून द्या की माझ्या लेकाचं, साहेब. बायकू तेवढी जुनी ऱ्हाऊ द्या."

"आये, तू गप बस," बिरदेव म्हणाला. मग बबिताकडे वळला. "ह्या तीन बोटांकडं बघून लोकं च्च् च्च् करत्यात. मशीनकडं बघून हात मिळवत्यात. मला न्हाई पायजे कुणाची च्च् च्च्."

त्याच्या स्वरात दुःख होतं, आणि त्या दुःखाला कुणीतरी वार्निश लावलं होतं. बबिताने कागदाकडे पाहिलं. एका जिवंत हातासाठी त्यावर दोन ओळी होत्या.

तेवढ्यात कळपातली काळतोंडी मेंढी कण्हत आडवी झाली. तिच्या शेपटीखालून कोकराचा एकच पाय बाहेर आला होता. डोकं दिसत नव्हतं. बिरदेव धावला, त्याच्यामागे बबिता, आणि मोबाइल उंचावून भगवानराव.

"बिरदेव, मशीनच्या हाताने काढ! असा व्हिडिओ कुणाकडे नसेल. थांब, पकड वाढवतो." त्यांनी मोबाइलवर बोट सरकवलं आणि बिरदेवाच्या मनगटात गुं-गुं झालं.

"ओ, नगा," बबिता म्हणाली. "आत डोकं मागं वळलं आसंल. त्या रबराला काय कळायलंय?"

पण कॅमेरा चालू झाला होता. गोऱ्या बोटांनी तो लिबलिबीत पाय धरला. पाय निसटला. पुन्हा धरला, आवळला, ओढला. मेंढीने मान जमिनीवर आपटली. वाळली काडी मोडावी तसा कट् आवाज झाला.

"सोडा! मोडला त्येचा पाय!"

"मला कळलंच न्हाई," बिरदेव म्हणाला. तो खरंच बोलत होता, आणि तेच जास्त किळसवाणं होतं.

मग त्याने डावा हात घातला. दोन बोटं कमी असल्याने तो अरुंद वाटेने सहज आत गेला. बिरदेवाने डोळे मिटले. "ह्यो कान... ह्यो जबडा..." तो पुटपुटत होता. अंधारात चाचपणाऱ्या त्या तीन बोटांबरोबर त्याचा चेहराही हळूहळू कुठूनतरी परतत होता. बबिताने तो दोन वर्षांत पाहिला नव्हता. आत कोकराचं डोकं सरळ झालं. रक्तात आणि पिवळ्या बुळबुळीत पाण्यात कोकरू मातीवर पडलं, शिंकलं. त्याचा एक पुढचा पाय नको तिथून वळला होता. मेंढी उठून त्याला चाटू लागली.

बबिताला वाटलं, आता हा म्हणेल, नगं ती सही.

बिरदेवाने डावा हात उन्हात धरला. कोपरापर्यंत चिकटा, रक्त, लेंडीचे कण. त्याचं नाक आक्रसलं. "शी!" तो म्हणाला. "बगा साहेब, ह्येला किती घाण लागती. मशीनचं कसं, पुसलं की झालं. दे गं सही."

मेंढ्यांच्या जखमांतल्या अळ्या बबिताने काडीने वेचल्या होत्या, फुगून मेलेली मेंढी ओढत नेली होती. तिला कधी किळस आली नव्हती. आता मात्र तिने पदर तोंडाला लावला.

"न्हाई देत."

बिरदेवाने मशीनच्या हाताने तिचं मनगट धरलं आणि तिला कागदाकडे वळवलं. रबर गार होतं, चिकट होतं. आतलं हाड वाकेल असं तिला वाटलं.

"सोडा."

"सोडायलोच की." त्याच्या कपाळावर घाम आला. बोटं उघडेनात. "दुखायलंय का?"

तो तिच्या मनगटाकडे पाहत होता, तिच्या तोंडाकडे पाहत होता, आणि आपण किती जोराने धरलं आहे हे त्याला दोन्हीकडून कळत नव्हतं.

"घाबरू नका वहिनी, चिकटा आत गेला असेल," भगवानराव म्हणाले. त्यांनी मोबाइल पँटला पुसला, अंगठा दाबला. गुं-गुं करत एकेक बोट उघडलं.

तिला सोडलं ते भगवानरावांनी. मग इतका वेळ धरलं होतं कुणी?

भिवराबाईची तंबाखू तळहातावर तशीच राहिली. बिरदेव त्या उघड्या पंजाकडे बघत होता.

"ह्येचं सोडणं तुमच्यापाशी ऱ्हातंय व्हय, साहेब?"

"अरे, सेटिंग असतं ते. नव्या मॉडेलचं बघ, दोन्ही हात एकाच मोबाइलवर येतील."

कुणी हसलं नाही. कोकरामागोमाग मेंढीची वार पडली, ओली, जांभळट, वाफाळणारी. कुत्र्यांनी ती खाऊ नये म्हणून लगेच पुरायची असते. बबिताने इकडेतिकडे पाहिलं, भगवानरावांच्या हातातला कागद ओढून घेतला, वार त्यात गुंडाळली आणि बांधाकडे चालू लागली.

"अहो वहिनी, कागद! छे... दुसरा छापावा लागेल."

ती खुरप्याने खड्डा करत असताना बिरदेव शेजारी येऊन बसला. मशीनचा हात गुडघ्यावर पडला होता, भगवानरावांनी ठेवला तसा, पाचही बोटं पसरून. त्याने डावा हात तिच्या मनगटावरच्या काळ्यानिळ्या वळांकडे नेला. तिने मनगट मागे घेतलं.

"त्येला म्हणतो," तो मातीकडे बघत म्हणाला, "दुसरा कागद नगं छापू."

बबिता माती लोटत राहिली. त्याच्या तीन बोटांवरचा चिकटा वाळून पापुद्रे धरू लागला होता, माश्या बसत होत्या, आणि त्याने तो अजून पुसला नव्हता.